दंतसेतू : गमावलेल्या दाताच्या पुनःस्थापनेचे शास्त्र आणि मर्यादा

प्रस्तावना

दात हा शरीराचा लहान अवयव असला, तरी मराठी भाषेच्या व्यवहारात त्याला मोठे स्थान आहे. राग आला की माणूस दातओठ खातो, विनवण्या करून त्याच्या दातांच्या कण्या होतात, पराभव झाला की तो दाती तृण धरतो. भाषेत एवढा मान मिळालेल्या या अवयवाकडे प्रत्यक्ष जीवनात मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. एखादी दाढ दुखू लागली की ती काढून टाकावी आणि वेदना थांबली की प्रश्न मिटला असे मानावे, हीच सर्वसाधारण वृत्ती दिसून येते. वस्तुतः दात काढल्यानंतर एक प्रश्न संपतो आणि दुसरा सुरू होतो. रिकाम्या जागेचे काय करावयाचे, हा तो दुसरा प्रश्न होय.

या प्रश्नाला दंतवैद्यकाने दिलेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे दंतसेतू. दैनंदिन बोलण्यात त्यास 'ब्रिज' असेच म्हटले जाते. शेजारच्या दातांचा आधार घेऊन मधल्या मोकळ्या जागेत कायमस्वरूपी बसविलेला कृत्रिम दात, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येईल. हा उपाय परिचित आहे; परंतु त्यामागील तत्त्व, त्यासाठी शेजारच्या दातांना मोजावी लागणारी किंमत आणि त्याचे अपेक्षित आयुष्य यांविषयी सुशिक्षित वर्गातही पुरेशी स्पष्टता आढळत नाही. प्रस्तुत लेखात दंतसेतूची रचना, प्रकार, यांत्रिक तत्त्वे, मर्यादा आणि निगा यांचे विवेचन केले आहे.

दात गेल्यानंतर होणारे बदल

प्रौढ माणसाच्या तोंडात अक्कलदाढा धरून एकूण ३२ दात असतात. हे दात जबड्यात खिळ्याप्रमाणे ठोकलेले नसतात. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचा एक पातळ थर असतो आणि त्या तंतूंनी दात हाडाच्या खोबणीत टांगून धरलेला असतो. त्यामुळे प्रत्येक दाताला अल्पशी हालचाल असते व चावण्याचा भार हाडापर्यंत सौम्यपणे पोहोचतो. दोन्ही बाजूंचे शेजारी आणि समोरच्या जबड्यातील जोडीदार दात यांच्या परस्पर दाबामुळे तो आपल्या जागी स्थिर राहतो.

यांतील एक घटक नाहीसा झाला की हा समतोल बिघडतो. रिकाम्या जागेच्या मागील दाढ हळूहळू पुढे झुकते. समोरच्या जबड्यातील दाताला चावण्यासाठी जोडीदार न उरल्याने तो रिकाम्या जागेकडे सरकू लागतो. कललेल्या दातांच्या फटीत अन्नकण अडकतात, हिरडीला सूज येते आणि कीड लागण्यास वाव मिळतो. दाताचे मूळ ज्या हाडात होते ते हाडही झिजू लागते. श्रॉप व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपदाढ किंवा दाढ काढल्यानंतर १२ महिन्यांत त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटल्याचे आणि त्यांपैकी दोन तृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतच झाल्याचे आढळले होते.

या संदर्भात पहिल्या कायम दाढेचा उल्लेख आवश्यक ठरतो. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, कोणताही दुधाचा दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. त्यामुळे अनेक पालक तिला दुधाचीच दाढ समजतात. 'ती पडणारच आहे' या समजुतीने तिच्यातील किडीकडे दुर्लक्ष होते आणि चघळण्याच्या कामात अग्रस्थानी असलेला हा दात अनेकदा तरुणपणीच गमवावा लागतो.

दात जाण्याचा परिणाम केवळ खाण्यापुरता मर्यादित नसतो. अध्यापनासारख्या वाणीवर आधारलेल्या व्यवसायात तो अधिक जाणवतो. तवर्गातील ध्वनींना व्याकरणाने 'दंत्य' म्हटले आहे, तर 'व' हा दंतोष्ठ्य आहे. मराठीत 'चहा' आणि 'चमचा' यांतील पहिले 'च' वेगवेगळ्या प्रकारे उच्चारले जातात. त्यांपैकी दुसऱ्याच्या उच्चारात जिभेचे टोक वरच्या दातांच्या अधिक जवळ जाते. समोरचा वरचा दात गेला की असे ध्वनी विस्कळीत होतात आणि वर्गातील शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या शब्दाची धार कमी होते.

दंतसेतूची रचना

नदीवरील पुलाशी असलेल्या साम्यावरूनच या उपायाला हे नाव मिळाले आहे. पुलाला दोन्ही तीरांवर भक्कम आधार लागतो, तसा दंतसेतूला रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या दातांचा आधार लागतो. त्यांना आधारदात म्हणतात. आधारदात सर्व बाजूंनी कमी करून त्यांवर टोप्या बसविल्या जातात. या दोन टोप्यांच्या मध्ये कृत्रिम दात असतो, त्यास पाँटिक अशी संज्ञा आहे. टोप्या आणि पाँटिक यांना एकसंध करणारा भाग म्हणजे जोड. एक दात गेलेला असताना दोन टोप्या आणि एक पाँटिक मिळून तीन घटकांचा दंतसेतू तयार होतो. रुग्णाला 'एका दातासाठी तीन दातांचे पैसे' का द्यावे लागतात, याचे उत्तर या रचनेत आहे.

पाँटिकला मूळ नसते. ते हिरडीला केवळ हलकेच टेकते किंवा तिच्यापासून किंचित वर राहते. त्याचा खालचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि बहिर्वक्र ठेवावा लागतो, कारण खोलगट भागात अन्नकण साचून राहतात व तेथे स्वच्छतेचे साधन पोहोचत नाही. पाँटिकवर येणारा सर्व भार आधारदातांच्या मुळांमार्फत हाडाकडे जातो. म्हणजेच दोन दातांना तीन दातांचे काम करावे लागते. दंतसेतूसंबंधीचा प्रत्येक निर्णय या एका वस्तुस्थितीवर अवलंबून असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गेलेल्या दाताची जागा शेजारच्या दातांच्या आधाराने भरण्याची कल्पना प्राचीन आहे. इटलीतील इट्रुस्कन संस्कृतीच्या अवशेषांत सोन्याच्या पट्ट्यांनी शेजारच्या दातांना बांधलेले दात आढळले आहेत. प्राचीन सिडोन येथील उत्खननातही सोन्याच्या तारेने दात एकत्र बांधलेला जबडा मिळाला होता. आधुनिक दंतसेतूचा विकास मात्र विसाव्या शतकातील आहे. १९०७ मध्ये विल्यम टॅगार्ट यांनी मेणाचा नमुना वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची पद्धत दंतवैद्यकात रूढ केली आणि दाताच्या आकाराशी तंतोतंत जुळणारी टोपी बनविणे शक्य झाले. ओतकामाची ही कला भारतीय मूर्तिकारांना पूर्वापार अवगत होती. पुढे १९६० च्या दशकात धातूवर पोर्सिलेनचा थर भाजून चढविण्याचे तंत्र विकसित झाले आणि टोपीला धातूची ताकद व दाताचा रंग हे दोन्ही गुण एकत्र लाभले. अलीकडच्या काळात झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकचा वापर मोठ्या प्रमाणावर वाढला आहे.

दंतसेतूचे प्रकार

पहिला प्रकार म्हणजे वर वर्णन केलेला पारंपरिक दंतसेतू होय. यात दोन्ही बाजूंना आधारदात असतात.

दुसऱ्या प्रकारात आधार एकाच बाजूला असतो आणि पाँटिक सज्जाप्रमाणे पुढे आलेले असते. यात आधारदातावर तरफेसारखा ताण येतो. त्यामुळे जेथे चावण्याचा भार कमी असतो अशाच ठिकाणी तो योग्य ठरतो.

तिसरा प्रकार चिकटविलेल्या दंतसेतूचा आहे. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या बाह्य आवरणावर, म्हणजे एनॅमलवर, फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया केल्यास रेझिन त्याला घट्ट चिकटते असे दाखवून दिले. या शोधाच्या आधारे १९७३ मध्ये रोशेट यांनी धातूचे पातळ पंख दातांच्या मागील बाजूस चिकटविण्याची पद्धत मांडली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मेरीलँड विद्यापीठात तीत सुधारणा झाली व 'मेरीलँड ब्रिज' हे नाव रूढ झाले. यात आधारदात अत्यल्प प्रमाणात कमी करावे लागतात. समोरचा एखादा दात गेलेल्या तरुण रुग्णासाठी हा प्रकार विशेष उपयुक्त आहे. समोरच्या दातांच्या बाबतीत दोन पंखांऐवजी एकाच दातावर एक पंख चिकटविण्याकडे आता कल वाढला आहे, कारण दोन दातांची स्वतंत्र हालचाल एका पंखाचा जोड सैल करू शकते.

चौथ्या प्रकारात नैसर्गिक दातांऐवजी हाडात बसविलेल्या टायटॅनियमच्या इम्प्लांटचा आधार घेतला जातो. एकापेक्षा अधिक दात सलग गेले असतील तेव्हा हा पर्याय विचारात घेतला जातो.

भाराचे गणित

कोणते दात किती भार पेलू शकतील, याचा अंदाज घेण्यासाठी आयर्विन अँटे यांनी १९२६ मध्ये एक नियम मांडला. आधारदातांच्या मुळांचे हाडातील एकूण क्षेत्रफळ हे गेलेल्या दातांच्या मुळांच्या क्षेत्रफळाइतके किंवा त्याहून अधिक असावे, असे या नियमाचे सार आहे. जेप्सन यांनी १९६३ मध्ये दिलेल्या सरासरी मोजमापांनुसार खालच्या जबड्यातील पहिल्या दाढेच्या मुळांचे क्षेत्रफळ ४३१ चौरस मिलिमीटर, दुसऱ्या दाढेचे ४२६, दुसऱ्या उपदाढेचे २०७ आणि पहिल्या उपदाढेचे १८० चौरस मिलिमीटर असते.

समजा, खालची पहिली दाढ गेली आहे. दुसरी उपदाढ आणि दुसरी दाढ हे तिचे आधारदात होतील. त्यांच्या क्षेत्रफळाची बेरीज ६३३ येते व ती ४३१ पेक्षा बरीच अधिक आहे. येथे दंतसेतू सुरक्षित ठरतो. आता पहिल्या दाढेबरोबर दुसरी उपदाढही गेली असेल, तर गेलेल्या दातांची बेरीज ६३८ होते. आधाराला उरलेल्या पहिल्या उपदाढेची व दुसऱ्या दाढेची बेरीज मात्र ६०६ इतकीच भरते. केवळ एक दात अधिक गेल्याने हिशेब उलटा होतो.

हा नियम काटेकोर निसर्गनियम नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. नायमन आणि एरिक्सन यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की, हिरडीचा आजार पूर्ण नियंत्रणात ठेवला असता कमी हाडाचा आधार असलेल्या दातांवरील दंतसेतूही दीर्घकाळ टिकू शकतात. तात्पर्य, मुळांच्या क्षेत्रफळाइतकेच हिरडीच्या आरोग्यालाही महत्त्व आहे.

दुसरे गणित पदार्थविज्ञानाचे आहे. दोन टोकांना आधार असलेल्या तुळईचे वाकणे तिच्या लांबीच्या घनाच्या समप्रमाणात व जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. एका पाँटिकच्या तुलनेत दोन पाँटिक असलेला दंतसेतू त्याच भाराखाली ८ पट आणि तीन पाँटिक असलेला २७ पट वाकतो. जाडी निम्मी केली तरीही वाकणे ८ पट होते. म्हणूनच लांब दंतसेतूचे पोर्सिलेन तडकण्याची अथवा सिमेंटचा थर सुटण्याची शक्यता वाढते.

प्रत्यक्ष प्रक्रिया

दात काढल्यानंतर जखम भरून हिरडी व हाड स्थिरावण्यास साधारणतः दोन ते तीन महिन्यांचा अवधी दिला जातो. त्यापूर्वी कायमचा दंतसेतू बसविल्यास हिरडी खाली सरकून पाँटिकखाली फट पडते. एक्स-रे काढून आधारदातांची मुळे, भोवतीचे हाड आणि दातांतील जुनी कीड तपासली जाते. त्यानंतर भूल देऊन आधारदात चोहोबाजूंनी कमी केले जातात. दोन्ही दातांच्या भिंती परस्परांशी जवळपास समांतर असाव्या लागतात, अन्यथा एकसंध दंतसेतू एकाच दिशेने त्यांवर बसू शकत नाही. शेजारची दाढ जितकी अधिक झुकलेली, तितके हे काम कठीण होते. दात काढून अनेक वर्षे स्वस्थ बसण्याची किंमत येथे मोजावी लागते.

यानंतर दातांचे माप घेऊन ते प्रयोगशाळेत पाठविले जाते. आता अनेक ठिकाणी संगणकीय स्कॅनरने माप घेण्याची सोय आहे. दंतसेतू तयार होईपर्यंत कमी केलेल्या दातांवर तात्पुरत्या टोप्या बसविल्या जातात. अंतिम भेटीत टोप्यांच्या कडा, समोरच्या दातांशी होणारा स्पर्श व रंग तपासून दंतसेतू सिमेंटने पक्का केला जातो. चावताना तो इतर दातांपेक्षा किंचितही उंच लागत असेल, तर ते तत्काळ सांगणे आवश्यक असते. 'सवयीने बसेल' असे मानून ते अंगावर काढू नये.

निरोगी दातांनी मोजलेली किंमत

दंतसेतूचा सर्वांत गंभीर मुद्दा येथे येतो. एनॅमल एकदा झाले की पुन्हा तयार होत नाही. एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ मध्ये समोरच्या दातांविषयी केलेल्या मोजणीत, पूर्ण टोपीसाठी दाताच्या दृश्य भागाचा ६३ ते ७२ टक्के अंश कमी होत असल्याचे, तर चिकटविण्याच्या दंतसेतूसाठी तो ३ ते ३० टक्के इतकाच असल्याचे आढळले. एका गेलेल्या दातासाठी दोन निरोगी दातांचा एवढा भाग कायमचा खर्ची घालणे योग्य आहे काय, हा प्रश्न रुग्णाने विचारलाच पाहिजे व दंतवैद्याने त्याचे उत्तर दिलेच पाहिजे.

शेजारच्या दातांत आधीपासूनच मोठे भरण असेल, रूट कॅनल झालेले असेल किंवा त्यांना टोपीची गरजच असेल, तर दंतसेतू हा न्याय्य उपाय ठरतो. याउलट दोन्ही शेजारी अगदी निरोगी असतील, तर इम्प्लांट किंवा चिकटविण्याचा दंतसेतू यांचा आधी विचार व्हावयास हवा.

आयुष्याविषयीही वास्तव अपेक्षा ठेवणे इष्ट होय. टॅन, पियेटुर्सन, लँग व चॅन यांनी २००४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार १० वर्षांनंतर ८९.१ टक्के पारंपरिक दंतसेतू तोंडात कायम होते. परंतु कोणतीही गुंतागुंत न होता टिकलेल्यांचे प्रमाण ७१.१ टक्के होते. १० वर्षांत सिमेंटची पकड सुटण्याचा धोका ६.४ टक्के, तर किडीमुळे दंतसेतू गमावण्याचा धोका २.६ टक्के होता. दंतसेतू हा टिकाऊ उपाय आहे, आजन्म उपाय नव्हे, असा याचा अर्थ होतो.

अन्य पर्याय

काढता-घालता येणारी अर्धी कवळी हा सर्वांत कमी खर्चाचा पर्याय आहे. तिच्यासाठी शेजारचे दात फारसे कमी करावे लागत नाहीत, मात्र ती रोज काढून स्वच्छ करावी लागते व चावण्याची ताकद कमी मिळते. इम्प्लांटचा आधुनिक पाया स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी घातला. हाड टायटॅनियमशी एकजीव होते हे ओळखून त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार केले. इम्प्लांट शेजारच्या दातांना हात लावीत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. मात्र त्यासाठी पुरेसे हाड, शस्त्रक्रिया, काही महिन्यांचा काळ व अधिक खर्च लागतो. जबड्याची वाढ पूर्ण होण्यापूर्वी तो बसविता येत नाही. अनियंत्रित मधुमेह व तंबाखूचे सेवन यांमुळे त्याच्या यशाला बाधा येते.

काहीही न करणे हाही एक विचारपूर्वक निर्णय असू शकतो. नेदरलँड्समधील कायसर यांनी १९८१ मध्ये असे मांडले की, मागील काही दाढा नसतानाही पुढचे दात व उपदाढा शाबूत असल्यास अनेक प्रौढांचे चघळण्याचे काम समाधानकारक चालते. प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असा दंडक नाही. मात्र हा निर्णय तपासणीनंतर घेतलेला असावा, आळसातून घडलेला नसावा.

निगा आणि सावधगिरी

दंतसेतूच्या पाँटिकला कीड लागत नाही, आधारदातांना लागते. टोपीची कडा व हिरडी यांच्या संधीवर जिवाणूंचा थर साचतो आणि तेथून कीड आत शिरते. टोप्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने नेहमीचा दोरा वरून दातांमध्ये घालता येत नाही. तो कडक टोकाच्या सुपरफ्लॉसने अथवा ओवणीच्या साहाय्याने बाजूने ओवून पाँटिकखालून फिरवावा लागतो. दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रशही उपयुक्त असतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तंबाखू भाजून केलेली मशेरी दातांना लावण्याची सवय स्त्रियांमध्ये दीर्घकाळ रूढ आहे. मशेरीने दात बळकट होतात ही समजूत चुकीची असून तंबाखूने हिरड्या व हाड यांचा आधारच कमकुवत होतो. अशा पायावर उभारलेला सेतू फार काळ टिकत नाही.

एका छुप्या धोक्याची जाणीव असणे आवश्यक आहे. कधी कधी एका टोपीचे सिमेंट सुटते, पण दुसरी टोपी घट्ट असल्याने दंतसेतू जागचा हलत नाही. सुटलेल्या टोपीखाली लाळ शिरते व दात आतून किडत जातो. अशा आधारदाताचे रूट कॅनल पूर्वीच झालेले असेल, तर वेदनाही जाणवत नाही. तोंडाला दुर्गंधी, विचित्र चव किंवा चावताना टोपीच्या कडेशी येणारे लाळेचे बुडबुडे ही त्याची लक्षणे होत. म्हणून काहीही त्रास नसला तरी वर्षातून किमान एकदा तपासणी करून घ्यावी.

अप्रशिक्षित व्यक्तींकडून 'एका बैठकीत पक्का दात' बसवून घेण्याचा प्रकार आजही आढळतो. यात दात कमी न करता अथवा माप न घेता, जागीच कडक होणारे ॲक्रिलिक शेजारच्या दातांभोवती थापले जाते. त्याखाली स्वच्छता अशक्य असते, हिरडी सडते आणि एका दाताची जागा भरण्याच्या नादात शेजारचे दोन दातही गमवावे लागतात. वाचविलेले पैसे शेवटी अनेक पटींनी खर्च होतात.

समारोप

दंतसेतू हे दंतवैद्यकाचे एक विश्वासार्ह व परिपक्व साधन आहे. त्याचे यश कृत्रिम दाताच्या सौंदर्यावर नव्हे, तर त्याला तोलून धरणाऱ्या दोन नैसर्गिक दातांच्या आरोग्यावर अवलंबून असते. त्यामुळे निर्णय घेताना गेलेल्या दाताकडे जितके पाहिले जाते, त्याहून अधिक शेजारच्या दातांकडे पाहिले पाहिजे. ते निरोगी आहेत काय, ते भार पेलतील काय, त्यांना हात न लावता काम होईल काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच सेतू उभारावा. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण दैवाच्या विषमतेवर बोट ठेवते. दातांच्या बाबतीत मात्र दैवापेक्षा दक्षतेचा वाटा मोठा असतो, आणि पहिली दाढ सहाव्या वर्षी ओळखून ती जपणे हा कोणत्याही दंतसेतूपेक्षा श्रेष्ठ उपाय होय.